‘टेंप रोज रिकामा करा’ म्हणणाऱ्यांनो, काकांच्या फाइली आता कुठून आणायच्या?

गेल्या महिन्यात एका सकाळी साडेसातला सांगलीहून काकांचा फोन आला. “अगं, कॉम्प्युटर चालू केला आणि माझा टेंपचा फोल्डर रिकामा दिसतोय. एकही फाइल नाही. तू तिकडून काही केलंस का?” मी पुण्यात, लॅपटॉप सांगलीत. मी काही केलं नव्हतं. जे केलं ते काकांनीच, आदल्या रात्री. व्हॉट्सॲपवर आलेला एक मेसेज समोर ठेवून, त्यातली एकेक ओळ दोनदा वाचत, जशी सांगितली तशी करत.

काका निवृत्त मुख्याध्यापक आहेत. दोन वर्षांपासून ते आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती जमवतायत. नातेवाईक फॉर्म भरून पाठवतात, कुणी मेलवर, कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी झिप करून. फोटो येतात, जुन्या खतांचे आणि मोडी कागदांचे स्कॅन येतात. हे सगळं आधी एका जागी टाकायचं, तपासायचं, मग शाखेनुसार लावायचं, अशी त्यांची पद्धत. ती जागा म्हणजे डी ड्राइव्हवरचा एक फोल्डर. तात्पुरता, म्हणून नाव ‘टेंप’. त्यात 63 कुटुंबांची माहिती होती. लावून झालेली नव्हती, म्हणून दुसरीकडे कुठेच नव्हती.

तो मेसेज मी मागवून घेतला. नंतर कळलं की आमच्या तीन नातेवाइकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि भावाच्या ऑफिसच्या ग्रुपवरही तोच फिरतोय. सुरुवात अशी: ‘कॉम्प्युटर स्लो झालाय? दुकानात नेऊ नका, पैसे वाचवा.’ पुढे सात मुद्दे. विंडोजचं बटण आणि आर दाबा, ‘टेंप’ लिहा, मग दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून ‘टेंप’ लिहा (विंडोज आणि बाकीचे प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइली ठेवतात ते हे फोल्डर), उघडेल ते सगळं रोज उडवा, तो निव्वळ कचरा असतो. ‘फाइल वापरात आहे’ असं आलं तर स्किप करा. उडवताना शिफ्ट दाबा. व्हायरस इथेच लपतो. ‘प्रीफेच’ लिहून तोही फोल्डर रिकामा करा, मशीन नव्यासारखं होईल. डी ड्राइव्हवर टेंप नावाचा फोल्डर करून विंडोजचा टेंप तिकडे वळवा, म्हणजे सी भरणार नाही. खालच्या दोन ओळी नोटपॅडमध्ये लिहून स्टार्टअपमध्ये ठेवा, म्हणजे रोज मशीन सुरू होताना हा फोल्डर आपोआप साफ होईल. ‘काळी खिडकी येऊन जाईल, घाबरू नका.’ आणि सातवा: कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत, कारण त्यांना नवे कॉम्प्युटर विकायचे असतात. सर्वांना पाठवा.

बारा वर्षं मी लोकांचे घरचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. असले मेसेज मी आजवर सोडून देत आले. हा सोडणार नाही.

आधी ती काळी खिडकी

सहावा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. नोटपॅडमध्ये लिहायला सांगितलेल्या दोन ओळींपैकी पहिली होती ‘आरडी’, पुढे ‘स्लॅश एस’, ‘स्लॅश क्यू’ आणि डी ड्राइव्हवरच्या टेंप फोल्डरचा पत्ता. दुसरी ओळ त्याच नावाचा नवा रिकामा फोल्डर करणारी.

आरडी म्हणजे फोल्डर काढून टाका. स्लॅश एस म्हणजे त्याच्या आत जे काही असेल, फोल्डरच्या आतले फोल्डर, त्यांच्या आतल्या फाइली, त्या सगळ्यासकट. स्लॅश क्यू म्हणजे मला काहीही विचारू नका. ही आज्ञा विंडोजमध्ये आहे आणि जाणकारांच्या हातात ती उपयोगाचीच आहे. पण तिच्यात ‘जुन्या फाइली काढ, नव्या ठेव’ असं काही नाही. ‘टीएमपी शेवट असलेल्या तात्पुरत्या फाइली काढ, बाकीच्या ठेव’ असंही नाही. ज्या पत्त्यावर पाठवाल तिथलं सगळं जातं. आणि अशा आज्ञेने गेलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही. माऊसने डिलीट करताना जी एक जाळी खाली धरलेली असते, ती इथे नसते.

काकांनी मेसेजप्रमाणे डी ड्राइव्हवर टेंप नावाचा फोल्डर करायला घेतला. विंडोजने सांगितलं, या नावाचा फोल्डर आधीच आहे. काकांना वाटलं, बरंच झालं, एक काम वाचलं. त्यांच्या फोल्डरचं नाव सगळं लहान अक्षरांत होतं, मेसेजमधल्या नावाचं पहिलं अक्षर मोठं होतं; विंडोजला दोन्ही एकच. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक शक्यता आलीच नाही, की टेंप नावाचा फोल्डर माणसं स्वतःच्या कामासाठीही करतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर मी बघते ना! ‘टेंप’, ‘न्यू फोल्डर’, ‘टेंप 2’, ‘आत्ताचं’, ‘बघायचं आहे’. कुणाच्या टेंपमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या टेंपमध्ये सोसायटीच्या ऑडिटचे कागद. नाव तात्पुरतं असतं, आतलं सामान नसतं.

फोन आल्यावर मी काकांना लॅपटॉप ताबडतोब बंद करायला सांगितलं आणि रविवारी जाऊन तो घेऊन आले. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर बरंचसं परत मिळवता आलं असतं. त्या डिस्कवर फाइल डिलीट केली तरी तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर जागेवरच असतो, फक्त त्याची नोंद पुसलेली असते. काकांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, म्हणजे काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क. तिथे फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला लगेच कळवतं की ही जागा आता लागणार नाही. याला ट्रिम म्हणतात आणि 2009 साली आलेल्या विंडोज 7 पासून ते आपोआप चालतं. मग डिस्क आपल्या सवडीने ती जागा खरोखरच मोकळी करून टाकते. मी दोन दिवस फाइली परत मिळवायची सॉफ्टवेअरं चालवली. नावं सापडली. ‘मिरज शाखा फॉर्म’, ‘आजीचा भाऊ 1952’, ‘मोडी खत पान 3’. नावावर क्लिक करून उघडलं की आत नुसती शून्यं.

ती नावं मी काकांना वाचून दाखवली नाहीत.

आणि ही फाइल रोज चालणार होती, हेही ध्यानात घ्या. एकदा चूक झाली आणि संपली, असं नाही. काकांनी गेलेलं पुन्हा जमवून त्याच फोल्डरमध्ये ठेवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेही गेलं असतं. मी लॅपटॉप हातात घेतल्यावर सगळ्यात आधी ती दोन ओळींची फाइल (हिला बॅच फाइल म्हणतात) स्टार्टअपमधून काढली. तुमच्या घरी कुणी हा मेसेज पाळला असेल तर तुम्हीही तेच करा: विंडोज आणि आर दाबा, ‘शेल’, मग विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह, मग ‘स्टार्टअप’ लिहा. जो फोल्डर उघडेल त्यात बॅट शेवट असलेली अनोळखी फाइल दिसली की आधी ती तिथून हलवा. बाकीचं नंतर वाचा.

‘निव्वळ कचरा असतो’

हा पहिला मुद्दा आणि बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे. याला उत्तर द्यायला मला माझं ज्ञान लागत नाही, विंडोजच देतं. तुमच्या घरच्या मशीनवर करून बघा. सर्चमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ लिहा, सी ड्राइव्ह निवडा, यादीत ‘टेंपररी फाइल्स’वर क्लिक करा, खाली लहान अक्षरात एक वर्णन येतं. त्याचा अर्थ असा: प्रोग्राम कधीकधी टेंप फोल्डरमध्ये तात्पुरती माहिती ठेवतात, बंद होण्याआधी सहसा ती स्वतःच काढतात, आणि आठवडाभरात ज्यांच्यात बदल झालेला नाही अशा तात्पुरत्या फाइली निर्धास्त काढता येतात.

आठवडाभरात. ज्यांनी विंडोज बनवलं त्यांनीच आपल्या सफाईच्या साधनात ही अट घातली आहे. काल संध्याकाळची फाइल ते साधन सोडून देतं. का? कारण ती कचरा आहे की कुणाच्या चालू कामाची, हे बाहेरून कळत नाही. विंडोज बनवणाऱ्यांना जे बाहेरून कळत नाही, ते या मेसेजवाल्याला कळतं आणि तो म्हणतो रोज उडवा.

टेंपमध्ये चालू कामाचं काय असतं, ते सांगते. झिप फाइल आली आणि ती नीट बाहेर न काढता तुम्ही तिच्यावर डबल क्लिक करून आतलं पत्रक थेट उघडलंत, तर विंडोज त्या पत्रकाची एक प्रत टेंपमध्ये काढतं आणि ती प्रत तुम्हाला दाखवतं. टेंप उघडून बघा, ‘टेंप1’ने सुरू होणारे आणि पुढे झिपचं नाव असलेले फोल्डर दिसतील. झिपसारख्या फाइली उघडायला विनरार हा प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या टेंपमध्ये ‘रार’ आणि डॉलरचं चिन्ह असलेले फोल्डर दिसतात, तेही त्यातलेच. आता या प्रतीत कुणी तासभर बदल केले, सेव्हचं बटण दाबलं, आणि समाधानाने मशीन बंद केलं, तर ते काम नक्की कुठे आहे? पुष्कळदा टेंपमध्येच. माझ्याकडे ‘मी सेव्ह केलं होतं हो, पण सापडत नाही’ म्हणत जे येतात, त्यातल्या काहींचं काम मी टेंपमधूनच काढून दिलंय. रोज सकाळी टेंप झाडून टाकणाऱ्यांना ते मिळणार नाही.

दुसरं, इन्स्टॉलर. एखादा प्रोग्राम टाकताना ‘मशीन रीस्टार्ट करा’ असं येतं, तेव्हा उरलेलं काम रीस्टार्टनंतर पुरं करायचं असतं आणि त्यासाठी लागणाऱ्या फाइली काही इन्स्टॉलर टेंपमध्ये ठेवून जातात. मशीन सुरू होताक्षणी टेंप रिकामा झाला, तर तो प्रोग्राम अर्धवट राहतो. मग प्रिंटर चालत नाही, आणि माणूस म्हणतो प्रिंटर खराब निघाला.

ज्यांच्या घरी विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे ते म्हणतील, आमच्याकडे तर टेंप बूट होताना साफ होतोच. बरोबर आहे. तिथे करारच तसा आहे. फोल्डरांची मांडणी ठरवणाऱ्या प्रमाणात लिहिलेलंय की प्रोग्रामने ‘टीएमपी’मधल्या फाइली पुढच्या वेळी असतीलच, हे गृहीत धरू नये, ज्याला रीस्टार्टनंतर हवंय त्याने ‘व्हार’च्या आतल्या टीएमपीत ठेवावं. सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या प्रणालींवर मूळ मुदतीही ठरलेल्या आहेत, पहिल्याला 10 दिवस, दुसऱ्याला 30 दिवस. प्रोग्राम लिहिणारा हे माहीत असूनच लिहितो. विंडोजने अशी ताकीद कधी दिलेली नाही, म्हणून तिथले प्रोग्राम त्या भरवशावर लिहिलेले नसतात. एका घरचा नियम दुसऱ्या घरी लावायचा नसतो.

आता जे खरं आहे ते मान्य करते, जिवावर येतंय तरी. टेंप फोल्डर फुगतो, हे खरं आहे. मधेच बंद पडलेले प्रोग्राम आपली उष्टी भांडी तिथेच टाकून जातात आणि विंडोज ती रीस्टार्टला आपणहून घासत नाही. काकांच्याच सी ड्राइव्हवरच्या टेंपमध्ये मला 9 जीबी सापडले. त्याहून एक खरी गंमतीची अडचण आहे. तात्पुरत्या फाइलीला नाव देण्याची विंडोजची एक जुनी सोय आहे, ती नावात चार आकडी षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गणतीतला, क्रमांक घालते. असे क्रमांक 65,535 पर्यंतच होतात. एखादा बेशिस्त प्रोग्राम आपल्या फाइली काढायचं विसरत राहिला आणि तेवढ्या साचल्या, तर पुढची फाइल तयारच होत नाही आणि तो प्रोग्राम अडतो. अशा वेळी टेंप साफ केला की सगळं पुन्हा सुरळीत चालतं. मी स्वतः एकदा एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं दुखणं असंच बरं केलंय. तेव्हा ‘टेंप साफ केल्याने माझं मशीन सुधारलं’ असं शपथेवर सांगणारा एखादा भेटेलही, आणि तो खोटं बोलत नसेल.

पण म्हणून मशीन एरवी त्यामुळे ‘स्लो’ होतं, हे चूक. डिस्कवर नुसती पडून असलेली फाइल प्रोसेसर वापरत नाही, रॅम वापरत नाही. माळ्यावर जुन्या चादरी ठेवल्या म्हणून स्वयंपाकघरातला गॅस मंद होत नाही. ड्राइव्ह अगदी काठोकाठ भरला तर फरक पडतो, अपडेट अडतात, एसएसडी रेंगाळते. तेव्हा जागा करा, जरूर करा. पण 200 जीबी मोकळे असताना रोज 40 एमबी झाडून मशीन पळणार नाही. काकांचं मशीन सुरू व्हायला वेळ का लागत होता? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात स्टार्टअपची यादी बघा. काकांच्या यादीत चौदा प्रोग्राम होते. त्यातले दहा मी बंद केले. हे त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

प्रीफेच

हा मुद्दा नुसता निरुपयोगी नाही, उलटा आहे. प्रीफेच 2001 साली विंडोज एक्सपीबरोबर आलं ते मशीन जलद करायलाच. तुम्ही वर्ड उघडता तेव्हा पहिले साधारण 10 सेकंद विंडोज बघतं की कोणकोणत्या फाइलींचे कोणते भाग लागले. ती नोंद एका छोट्या फाइलीत ठेवतं, जिचा शेवट ‘पीएफ’ असा असतो. पुढच्या वेळी वर्डवर क्लिक केलंत की लागणारं सामान एका फेरीत आणून ठेवतं. वाण्याकडे जाताना यादी नेली की चार खेपा वाचतात, तसं.

ती यादी तुम्ही रोज फाडून टाकली तर काय होईल? पुढच्या वेळी विंडोजला पुन्हा हात चाचपत सामान शोधावं लागेल आणि मग नवी यादी करावी लागेल. फिरत्या हार्ड डिस्कवर हा फरक जाणवतो. एसएसडीवर फारसा नाही, पण फायदा तर कुठेच नाही. आणि हा फोल्डर बेसुमार वाढतही नाही. विंडोज 7 पर्यंत त्यात प्रोग्रामांच्या जास्तीत जास्त 128 नोंदी राहत, विंडोज 8 पासून 1024. भरला की विंडोज जुन्या नोंदी आपणच काढतं. एकेक नोंद काही केबींची. जो फोल्डर स्वतःला आवरतो, तो आवरायला माणूस कशाला? गुन्ह्याच्या तपासात कॉम्प्युटर तपासणारे लोक याच नोंदींवरून कोणता प्रोग्राम केव्हा चालला होता ते शोधतात, इतक्या त्या नेटक्या असतात. त्यांना कचरा म्हणू नका.

‘व्हायरस इथेच लपतो’

अर्धं खरं. टेंपमध्ये लिहायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, म्हणून मेलमधून आलेली दुष्ट फाइल पुष्कळदा पहिलं पाऊल तिथेच टाकते. पण पाऊल टाकून तिथे बसून राहत नाही. ती स्वतःची प्रत दुसरीकडे ठेवते आणि मशीन सुरू झालं की आपण चालावं अशी सोय लावते. तुम्ही टेंप झाडाल तेव्हा ती पुढे गेलेली असेल. आणि तिथेच चालू असेल तर ‘फाइल वापरात आहे’ असं येईल, ज्यावर हाच मेसेज सांगतो, स्किप करा. म्हणजे जी फाइल उडायला हवी ती सोडून बाकीच्या उडवल्या.

मला राग आला तो याच्या पुढच्या गोष्टीचा. ज्याने व्हायरसची भीती घातली, तोच काही ओळींनंतर सांगतो की मी दिलेल्या ओळी न समजता लिहा, स्टार्टअपमध्ये ठेवा, काळी खिडकी दिसली तर घाबरू नका. मशीन सुरू झालं की आपण चालावं, ही व्हायरसचीच चाल. सत्तरीतल्या माणसाला एकदा याची सवय लागली की उद्या दुसऱ्या कुणी दुसऱ्या दोन ओळी पाठवल्या तर तो त्याही लिहील. आम्ही घरच्यांना कितीदा सांगतो, ओटीपी देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका. या मेसेजने ते सगळं शिकवणं एका रात्रीत पुसलं. काळी खिडकी अचानक दिसली तर घाबराच. लॅपटॉप बंद करा आणि घरातल्या पोराबाळांना फोन करा.

उरलेलं, भराभर

टेंप डी ड्राइव्हवर वळवणं: करता येतं, विंडोजने सोय दिलेली आहे. सी खरोखर लहान आणि डी वेगळी डिस्क असेल तर कधीकधी शहाणपणाचंही ठरतं. पण काकांच्या लॅपटॉपमध्ये 512 जीबीची एकच एसएसडी, तिचे दोन भाग म्हणजे सी आणि डी. इकडचं तिकडे केल्याने काय साधलं? जिथे डी ही जुनी फिरती डिस्क आहे, तिथे टेंप तिकडे नेला की जलद काम मुद्दाम हळू डिस्कवर ढकललं. आणि डी म्हणजे बाहेरून जोडायची डिस्क असेल, तर ती काढून ठेवल्या दिवशी इन्स्टॉलर चुका दाखवायला लागतील, कारण त्यांना दिलेला पत्ताच नाहीसा झाला. वळवायचाच असेल तर त्याच्यासाठी वेगळा, नवा फोल्डर करा, ज्यात तुमचं स्वतःचं काही नाही.

शिफ्ट दाबून डिलीट: नको. रीसायकल बिन जागा खातो म्हणून तो टाळायचा, हे म्हणजे कुलूप जड आहे म्हणून दार उघडं ठेवण्यासारखं.

‘कंपन्या सांगत नाहीत’: डिस्क क्लीनअप विंडोज 98 पासून आहे. एप्रिल 2017 मध्ये विंडोज 10 च्या अपडेटमधून स्टोरेज सेन्स आलं, ते हेच काम आपोआप करतं. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज. तिथे एक बटण सरकवायचं. ते प्रोग्रामांच्या वापरात नसलेल्या तात्पुरत्या फाइली काढतं, रीसायकल बिनमधलं 30 दिवसांहून जुनं काढतं, आणि ते सिस्टमच्या ड्राइव्हवरच चालतं, म्हणजे डीवरच्या तुमच्या फोल्डरला हात लावत नाही. लपवलेलं काय आहे यात?

एक सावधगिरी मात्र तिथेही घ्या. त्याच स्टोरेजच्या पानावर टेंपररी फाइल्सची यादी असते आणि त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतो. आपण होऊन त्यावर खूण नसते. लोक ‘सगळ्यावरच करू’ म्हणून खूण करतात. आपल्याकडे सातबारा, आधारची पीडीएफ, मुलांच्या गुणपत्रिका, विजेचं बिल, विम्याची पॉलिसी, सगळं डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं. तिथे खूण करू नका. स्टोरेज सेन्सच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्ससमोर ‘नेव्हर’ आहे ना, हेही एकदा बघून घ्या.

काकांच्या लॅपटॉपवर आता काय आहे

मी त्यांना तात्पुरता फोल्डर ठेवू नका असं म्हटलं नाही. काम करणाऱ्या माणसाला तो लागतोच. निवडायचं धान्य सुपात घ्यावंच लागतं. फक्त सुपावर ‘केर’ असं लिहून ठेवायचं नाही. त्यांच्या नव्या फोल्डरचं नाव आहे ‘निवडायचे’, आणि तो डॉक्युमेंट्सच्या आत आहे. त्याच्या आत महिन्याचा फोल्डर, आकड्यांत, वर्ष आधी आणि महिना नंतर, म्हणजे ते आपोआप ओळीने लागतात. आलेली झिप आधी पूर्ण बाहेर काढायची, मग उघडायची. मूळ फाइल ‘आलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये तशीच राहते, काम तिच्या प्रतीवर होतं. महिना संपला की काका यादी करून बघतात, लावून झालेलं त्यांच्या शाखेत जातं, उरलेलं पुढच्या महिन्यात सरकतं. फाइल हिस्टरी नावाची विंडोजची बॅकअपची सोय आहे, ती मी एका बाहेरच्या डिस्कवर चालू करून दिली. ती डॉक्युमेंट्सची प्रत घेते, डीवर कुठेतरी केलेल्या टेंपची आपणहून घेत नाही. डिस्क दर रविवारी जोडायची. हे काकांनी कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलंय.

विंडोजचा टेंप पुन्हा मूळ जागी नेला. स्टोरेज सेन्स चालू केलं. त्या 9 जीबींपैकी बहुतेक आठवड्याहून जुने होते, ते डिस्क क्लीनअपने काढले, दहा मिनिटांत.

63 पैकी 38 कुटुंबांनी फॉर्म पुन्हा पाठवलेत. फोटोंचं अवघड आहे, कारण पाठवणाऱ्यांच्या फोनवरही ते आता नाहीत. मोडी खतांचे मूळ कागद ज्यांचे होते त्यांना काकांनी स्कॅन करून लगेच परत केले होते. त्यातल्या एका घरी ते कागद नंतर पावसात भिजले. तिसऱ्या पानाचा स्कॅन आता कुणाकडेच नाही. काकांनी त्याचं वाचन करून घेतलं होतं आणि त्यातल्या चार ओळी त्यांना पाठ आहेत. त्या त्यांनी वहीत उतरवून ठेवल्यात.

काल तोच मेसेज आमच्या ग्रुपवर पुन्हा आला, या वेळी आतेभावाकडून. मी काही लिहायच्या आत काकांनी उत्तर दिलं होतं: “बाळ, हा डिलीट कर. आणि ज्यांना ज्यांना पाठवलास, त्यांना एकेकाला फोन कर.”